दुसऱ्या प्रतीची अंडी

५ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या सोमवारच्या अंड्यांच्या प्रतीची चिठ्ठी आज संकलन केंद्राच्या टेम्पोबरोबर आली. अर्ध्याहून जास्त अंडी दुसऱ्या प्रतीत टाकलीत. गेल्या महिन्यात पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी म्हटलं, असेल, थंडीत कोंबड्यांचंही बिनसत असेल काही. पण आता हे नेहमीचंच होत चाललंय. संकलन केंद्रातल्या अंधाऱ्या खोलीत कोणी एक बाई बसते, आमचं अंडं दिव्यासमोर धरते आणि ठरवते की हे काही खरं नाही. पहिल्या प्रतीच्या अंड्यांवर निळा शिक्का बसतो आणि ती दुकानात जातात. दुसऱ्या प्रतीची जातात बेकरीत, फोडून पिठात घालायला.

मला तपासणीतलं कळत नाही अशातला भाग नाही. शर्टांच्या कारखान्यात मी तेच करते. शिवण वाकडी गेली की खडूने फुली मारायची आणि शर्ट परत पाठवायचा. शिवणाऱ्या बायका माझ्यामागे मला खडूबाई म्हणतात. म्हणोत बापड्या. पण माझ्याशी वाद घालता येतो. शर्ट समोर असतो, शिवण समोर असते. इथे सगळा कारभार पडद्याआड.

हे म्हणाले, "जाऊ दे. दुसरी तर दुसरी."

ह्यांचा स्वभावच तसा. छापखाना बंद पडला आणि इतक्या वर्षांची नोकरी गेली तेव्हाही हे "जाऊ दे"च म्हणाले होते. कोंबड्या पाळायचं माझ्या डोक्यातून निघालं, ते ह्यांच्याचसाठी. घरात बसून माणूस झिजतो. आता निदान हाताला काम आहे. संध्याकाळी मी येते तेव्हा इतके दमलेले असतात की धड बोलवतही नाही. एवढं राबणाऱ्या माणसाच्या मालाला दुसरी प्रत देताना त्या बाईचा हात कसा धजावतो, हे मला बघायचंय.

८ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी म्हणून सकाळीच शेडमध्ये गेले. सगळं लख्ख होतं. दर शनिवारी हे शेड झाडून काढतात, नवा भुसा पसरतात, खोक्यांमधली अंडी गोळा करून ट्रे रचून ठेवतात. सासूबाईही ह्या वयात हाताशी असतात. मी दार उघडलं तशा कोंबड्या धावत पायांत आल्या. ओंजळीतल्या दाण्यांवर अशा तुटून पडल्या की बोटं सोलून निघाली. किती माणसाळवल्यात ह्यांनी.

काहींच्या पाठीची पिसं मात्र गेलीत, एकमेकींना टोचून. खाद्यातच खोट असणार. खाद्यवाल्याला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणतो, "ताई, तुमच्याकडे पूर्वीच्या निम्मंच खाद्य जातंय सध्या. मी विचारणारच होतो." माल वाईट द्यायचा आणि वर गिऱ्हाइकालाच उलट विचारायचं. मी सांगितलं, आम्ही जपून वापरतो, त्यात तुमच्या पोटात का दुखावं?

सासूबाई आतून म्हणाल्या, "हळू बोल गं, तो झोपलाय." दुपार व्हायला आली होती. शनिवारची मेहनत बाधते ह्यांना.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

टेम्पो सोमवारी आणि गुरुवारी येतो. गुरुवारच्या अंड्यांना एक वेळ थोडी तरी पहिली प्रत मिळते. सोमवारची मात्र जवळजवळ सगळी मारतात. सोमवारी त्या बाईंचं डोकं फिरलेलं असणार, दुसरं काय? सुट्टीनंतर कामावर यायचा कंटाळा आमच्या अंड्यांवर काढतात. मी पण सोमवारी कामावर जाते. मी काढते का कोणावर?

(आज एका शिवणाऱ्या बाईचा अख्खा गठ्ठा परत पाठवला. पण तिच्या कॉलरी खरंच वाकड्या होत्या.)

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अर्धी रजा टाकून केंद्रावर जाऊन आले. व्यवस्थापक म्हणाले, तुम्हीच बघून घ्या आत जाऊन. बहुतेक माझा सूर ऐकून ते घाबरले.

खोलीत काळा पडदा. आत एक पत्र्याची पेटी, तिला अंड्याएवढं भोक, भोकातून उजेड. त्यामागे दिवेवाल्या बाई. माझ्याच वयाच्या, दंडात भरलेल्या, नाकावर घसरलेला चष्मा. डाव्या हाताने अंडं उचलायचं, उजेडावर एक गिरकी द्यायची आणि उजव्या हाताने ट्रेमध्ये ठेवायचं. मी बोलत होते तरी हात थांबला नाही.

मी म्हटलं, "आमच्याच अंड्यांवर तुमचा राग का?"

"मला कोणाची ते कळत नाही. ट्रेवर नंबर असतो फक्त."

"मग आमच्या नंबरावर राग असेल."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "कालचा तुमचा ट्रे आहे अजून. या अशा बाजूला." आणि एक अंडं माझ्या हातात देऊन माझा हात उजेडावर धरला. अंडं आतून केशरी पेटल्यासारखं दिसलं. जाड टोकाला एक रिकामी जागा होती, टोपी घातल्यासारखी.

"ही हवेची पोकळी. आजच्या अंड्यात नखाएवढी असते. जसजसं शिळं होतं तसं आतलं पाणी उडतं आणि ही वाढते. आता ह्यातली बघा."

चांगली रुपयाएवढी होती. दुसरं अंडं तसंच. तिसऱ्यात बलक एका बाजूला कलंडलेला.

"बाई, ही अंडी आठवड्याची तरी आहेत," त्या म्हणाल्या. "दुसरी प्रतसुद्धा मी सांभाळून देते."

मी म्हटलं, "आमच्याकडे अंडं एक दिवस पडून राहत नाही. माझे यजमान स्वतः गोळा करतात."

तेव्हा त्यांचा हात पहिल्यांदा थांबला. "मग मधे कुठेतरी होत असेल," एवढंच म्हणाल्या.

येताना सगळ्या रस्त्याने मी त्या एका वाक्याचा विचार करत होते. घरातून ताजी निघतात आणि केंद्रावर शिळी पोचतात. मधे आहे काय? टेम्पो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाईंना सरळ विचारलं, "ह्यांच्याशिवाय शेडमध्ये कोण जातं?"

त्या भाजी निवडत होत्या. खाली बघूनच म्हणाल्या, "टेम्पोवाला जातो कधीकधी."

"आत? तो आत कशाला जाईल? ट्रे तर दाराशी ठेवलेले असतात."

"जातो थोडा वेळ. पण तो बिचारा..."

"किती वेळ?"

"असेल अर्धा तास. अगं, पण तू ऐकून तरी घे..."

मी ऐकायला थांबले नाही. अर्धा तास. ताजी अंडी उचलायची, कुठल्या तरी दुकानातली शिळी आमच्या ट्रेमध्ये भरायची आणि आमची बाहेर चांगल्या भावाने विकायची. एवढा हसतमुख माणूस. गेल्या महिन्यात मला म्हणाला होता, "वहिनी, साहेबांची तब्येत जपा." तब्येतीची चौकशी करतो आणि शेडमध्ये हात मारतो.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातातला कप खाली ठेवला. म्हणाले, "तो तसा नाही."

"तुम्हाला सगळेच चांगले वाटतात."

हे उठून बाहेर गेले. ओट्यावर अंधार पडेपर्यंत बसून होते. फसवलं गेल्याचं दुःख चांगल्या माणसांनाच जास्त होतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

केलं एकदाचं. कारखान्यात उशिरा येईन म्हणून सांगितलं आणि सकाळी केंद्राच्या आवारात जाऊन उभी राहिले. सगळ्या गाड्या लागल्या होत्या, अंडी आणणारे दहा-पंधरा जण होते. टेम्पोवाला आमचेच ट्रे उतरवत होता. मी सगळ्यांसमोर विचारलं, "आमच्या शेडमध्ये अर्धा अर्धा तास काय करता तुम्ही?"

त्याने ट्रे हळूच खाली ठेवला. "कोणी सांगितलं?"

"जाता की नाही?"

"जातो."

"कशाला?"

आजूबाजूची माणसं कामं सोडून बघायला लागली. व्यवस्थापकही बाहेर आले. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, घरी विचारलंत का? साहेबांना?"

"त्यांना काय विचारायचं? ते काय आपल्याच घरात चोरी करतील?"

मी "चोरी" म्हणाले तसा त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, सापडला. "मग राहू दे," एवढंच बोलला. व्यवस्थापकांनी पुन्हा पुन्हा विचारलं, आत जाण्याचं कारण काय. ह्याच्या तोंडून अक्षर नाही. त्यांनी तिथेच त्याच्याकडून टेम्पोची किल्ली काढून घेतली, म्हणजे कामावरून काढलंच.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई देवाचं नाव घेत आत गेल्या. हे जेवले नाहीत. ह्यांना कोणाचं वाईट झालेलं बघवतच नाही. पण कोणी तरी कठोर व्हायला नको का?

५ मार्च, गुरुवार

नवा टेम्पोवाला घाईचा. हॉर्न वाजवतो आणि थांबत नाही म्हणे. ट्रे निम्म्यावर आलेत. प्रत? दुसरीच. एक ट्रे तर साफ नाकारला, वास येतो म्हणून.

म्हणजे हाही त्यांच्यातलाच निघाला. सगळी साखळीच सडलेली दिसते. ह्या वेळी जिल्ह्याच्या ऑफिसात तक्रार करणार. ह्यांना म्हटलं, तुम्हीही सोबत सही करा. हे म्हणाले, "सोमवारी बघू."

९ मार्च, सोमवार

जे घडलं ते तसंच्या तसं लिहिते.

कारखान्यात बॉयलर बंद पडला. दहा वाजता सगळ्यांना घरी सोडलं. मी घराच्या वळणावर पोचले तेव्हा टेम्पो आमच्या दाराशी हॉर्न वाजवत होता. तीनदा वाजवला आणि निघून गेला. कोणी बाहेर आलं नाही.

मी सरळ शेडमध्ये गेले. खाद्याची भांडी कोरडी. पाण्यात भुसा. खोक्यांमध्ये अंड्यांवर अंडी, काही फुटून वाळलेली, काही कोंबड्यांनीच खाल्लेली. हा नुसत्या कालचा पसारा नव्हता. काल रविवार, पण मी मावसबहिणीकडे गेले होते. म्हणजे शनिवारी कोणी झाडलंच नव्हतं. मी बघायला येणार नव्हते ना.

कोपऱ्यात सासूबाई होत्या. कमरेत वाकून, एका हाताने खांब धरून, बादलीत अंडी गोळा करत होत्या. मला बघून त्या सरळ झाल्या. मग म्हणाल्या, "आज जरा उशीर झाला त्याला."

हे खोलीत होते. पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. झोपलेले नव्हते. डोळे उघडे होते.

मी विचारलं, "बरं नाही का?"

"तसं काही नाही."

"मग?"

"उठवत नाही."

मी पलंगाच्या कडेला बसले. कधीपासून, असं विचारलं. हे भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलले. "सुरुवातीला बरं वाटायचं. मग एक दिवस वाटलं, उद्या करू. तू गेलीस की घर एवढं शांत होतं. पायात चपला घालायच्या एवढं साधं काम, तेही होईना. शनिवारी मात्र करायचोच. तू बघशील म्हणून."

"आणि टेम्पोवाला?"

ह्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"तो हॉर्न वाजवायचा. मी आलो नाही की वेळ असेल तेव्हा आत जाऊन खोकी रिकामी करायचा, ट्रे भरायचा. पाणीही घालायचा. एकदा इथे दारात येऊन म्हणाला, पडा साहेब, होतं असं माणसाला."

मी म्हटलं, "मी त्याला चोर म्हणून आले तेव्हा तुम्ही इथेच होतात."

"हो."

"दोन आठवडे झाले."

"रोज ठरवायचो सांगायचं."

मला ह्यांची दया यायला हवी होती. आली नाही, खोटं कशाला लिहू? आजारी माणसावर रागवायचं नसतं, कळतं मला. पण त्या माणसाची किल्ली काढून घेतली आणि हे भिंतीकडे बघत पडून राहिले. मी जे बोलायचं नाही ते बोलले. हे सगळं ऐकत होते, एकही शब्द परत केला नाही. त्याने माझा राग आणखीच चढला.

स्वयंपाकघरात सासूबाईंनाही सोडलं नाही. "तुम्हाला माहीत होतं. मला का सांगितलं नाही?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू त्याच्यावरही फुली मारली असतीस."

बादलीतली अंडी धुवायला घेतली. शिळी, ताजी, सगळी एकसारखीच पांढरी.

११ मार्च, बुधवार

टेम्पोवाल्याचं घर शोधून काढलं. तो सध्या खाद्याच्या गोदामात पोती उचलतो. त्याच्या बायकोने दार उघडलं, मी कोण ते तिला कळलं आणि तिने बसा म्हटलं नाही. बरोबरच आहे. तो आतून आला. मानेला भुकटी चिकटलेली होती.

मी सांगितलं. सगळं. माफ करा म्हटलं.

तो म्हणाला, "ऐकलं."

"तुम्ही तिथेच का नाही बोललात? एक शब्द बोलला असतात तर..."

"वहिनी, पंधरा माणसं उभी होती. एक तर तुमच्या नवऱ्याची लाज काढायची नाही तर माझी जाऊ द्यायची. मला तिथल्या तिथे सुचलं नाही. आणि मला वाटलं, साहेब संध्याकाळपर्यंत सांगतील. दुसऱ्या दिवशी सांगतील. मी वाट बघत होतो." आवाज चढला नव्हता. "तुम्ही चोर म्हणालात त्याचं एक वेळ सोडतो. तुम्हाला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं."

मला ह्यांची बाजू घ्यावीशी वाटली. घेतली नाही.

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"इथे दारात नको. तुम्ही आवारात बोलला होतात ना? तिथे बोला. सोमवारी, सगळे असतात तेव्हा. इथलं कोणाला ऐकू जाणार?"

बायको मागून म्हणाली, "आणि मोठ्याने बोला. त्या दिवशी बोलला होतात तसं."

येताना डोक्यात राख घालून घेतली होती मी. एवढी दाराशी गेले, हात जोडले, तरी त्या दोघांचं समाधान नाही. घर येईपर्यंत मनात त्यांच्याशी भांडत होते. पण त्यांच्या बाजूचं एकही वाक्य मला खोडता आलं नाही.

१६ मार्च, सोमवार

सकाळी मी निघाले तेव्हा हे अंगणात उभे होते. दाढी केलेली, गाल दोन ठिकाणी कापलेला. मी चला म्हटलं नव्हतं. हेही येतो म्हणाले नाहीत. नुसते बरोबर चालू लागले.

आवारात तीच माणसं. टेम्पोवाला फाटकाबाहेर उभा होता, आत आला नाही. व्यवस्थापक म्हणाले, "ऑफिसात बसून बोलू, चहा सांगतो." मी म्हटलं, चहा नको, इथेच.

बोलले. मोठ्याने. की ह्या माणसाला मी इथे चोर म्हणाले ते खोटं होतं. त्याने आमचं एक अंडंही घेतलं नाही. आमच्या घरी काम होत नव्हतं ते तो फुकट करत होता, आणि त्याचं मी हे फळ दिलं. अंडी आमच्याच घरात शिळी होत होती. कोणीतरी मागून विचारलं, "घरात म्हणजे कोणाकडून?" तेवढं मला सांगता येईना.

हे पुढे आले. म्हणाले, "माझ्याकडून." आवाज इतका बारीक की मागच्यांनी "काय?" केलं. ह्यांनी पुन्हा सांगितलं. "माझ्याकडून झाली. मी पडून असायचो. मी ह्याला बोलू दिलं नाही, आणि स्वतःही बोललो नाही."

दिवेवाल्या बाई पडद्यातून बाहेर येऊन उन्हात डोळे बारीक करून बघत होत्या. मग एकाने आपले ट्रे उतरवायला घेतले आणि सगळे कामाला लागले. मला वाटलं होतं कोणी टोमणा मारेल, मी उत्तरही तयार ठेवलं होतं. ते तोंडातच राहिलं.

टेम्पोवाल्याला किल्ली परत मिळाली. बुडालेल्या दिवसांच्या पगाराचं काय, असं मी विचारलं तर व्यवस्थापक आकाशाकडे बघायला लागले. तेव्हा मात्र माझा पारा चढला. पुरावा न बघता किल्ली काढून घेणारे तुम्ही, मी बोलले म्हणून तुमची जबाबदारी संपते का? आज ह्या माणसासाठी भांडताना जरा बरं वाटलं. टेम्पोवाला मधेच म्हणाला, "पुरे वहिनी. माझं मी बघतो." म्हणजे तेही त्याला माझ्याकडून नकोय.

आणि केंद्राच्या नियमाने आमची अंडी महिनाभर तपासणीशिवाय दुसऱ्या प्रतीतच जाणार, ताजी असली तरी. हा सरळसरळ अन्याय आहे. मी त्या कागदावर सही केली.

२० मार्च, शुक्रवार

ह्यांना डॉक्टरांकडे नेलं. ते माझ्यापेक्षा ह्यांच्याशी जास्त वेळ बोलले, मला बाहेर बसवलं. गोळ्या दिल्यात, फरक पडायला काही आठवडे लागतील म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, "असाही आजार असतो का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग तू एवढी का चिडलीस त्याच्यावर?"

मी म्हटलं, दोन्ही खरं आहे. हे आजारीही आहेत आणि चुकलेतही. त्यांना पटलं नाही. मला अजून दुसरं काही सुचलेलं नाही.

२६ मार्च, गुरुवार

कामावर जायला निघाले होते, एवढ्यात, नेहमीपेक्षा लवकर, टेम्पोचा हॉर्न वाजला. जुनाच टेम्पोवाला. मी चपला घालून दारातच थांबले, बाहेर गेले नाही.

पुष्कळ वेळ कोणी आलं नाही. माझा हात कडीवर होता. सासूबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी माझा पदर धरला, म्हणजे जाऊ नको. हॉर्न दुसऱ्यांदा वाजला नाही.

मग हे शेडमधून बाहेर आले. केस विस्कटलेले, सदऱ्याची बटणं वरखाली, हातात चार ट्रे. टेम्पोवाला खाली उतरला. दोघांनी एकमेकांकडे नीट बघितलं नाही.

टेम्पोवाल्याने ट्रेकडे बघून विचारलं, "आजची?"

मला ह्यांचं उत्तर माहीत होतं. मी तर इथूनच ओरडून सांगणार होते, हो, आजचीच.

हे म्हणाले, "अर्धी. परवाची अर्धी राहिली होती. परवा उठलो नव्हतो."

टेम्पोवाल्याने ट्रे हातात घेतले नाहीत. मग तो म्हणाला, "एकत्र भरू नका मग. वेगळी करून आणा."

"वेळ लागेल."

"लागू दे."

हे ट्रे घेऊन परत शेडमध्ये गेले. टेम्पोवाल्याने आत हात घालून इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसला. आत गेला नाही, मदतीला हाकही मारली नाही, बसून राहिला. मला कारखान्यात उशीर झाला. आज हजेरीवहीत माझ्या नावापुढे फुली पडली.